किनारा सर

मंगळवारी सकाळी प्लांट हेड साहेबांनी मनालीला केबिनमध्ये बोलावलं, संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला आणि म्हणाले, हे वाच, आणि लिहिणारा कोण असेल ते सांग. साहेब आंध्राकडचे. भंडाऱ्यात इतके पावसाळे काढूनही त्यांची हिंदी कामापुरतीच राहिली होती. पडद्यावर शेअर घेणाऱ्या-विकणाऱ्या लोकांची एक वेबसाइट उघडी होती. तिथं कोणीही यावं, हवं ते नाव घ्यावं आणि कुठल्याही कंपनीबद्दल बोलावं. वर त्यांच्याच कंपनीचं नाव होतं. मोहाडी रोडवरची गावं या कारखान्याला नुसतं 'फेरो' म्हणत. आत मँगनीज वितळवून पोलादात घालायचा माल बनतो एवढं सगळ्यांना ठाऊक होतं, त्याहून जास्त कोणाला नको होतं. नावाखाली निरोपांची लांबच लांब रांग होती. त्यातला रविवारचा एक निरोप साहेबांनी पेनाच्या टोकानं दाखवला. लिहिणाऱ्याचं नाव 'वैनगंगा किनारा'. 'मेहमान आए थे. खाना नहीं खाया. दर्जी जैसा नाप लेके चले गए. दूसरी भट्टी अब ठंडी समझो.' मनालीनं ते वाचलं. तिला आधी अर्थ लागलाच नाही, फक्त बोटांना हिरव्या सांभाराचा वास आल्यासारखं झालं. मग तो वास कुठला ते कळलं. ती म्हणाली, नाही सर, काही अंदाज येत नाही. साहेबांनी मान हलवली आणि चहा पाठवायला सांगितलं. तिनं चहा सांगितला, जागेवर येऊन बसली, दोन पत्रं टाइप केली आणि त्यांत एकही चूक झाली नाही.

आदल्या शनिवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात खाली बसून सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होती. तिचा नवरा अंकुश ओट्याला टेकून उभा होता आणि नेहमीसारखा विचारत होता, आज काय झालं. त्या दिवशी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीची माणसं कारखाना बघायला आली होती. कारखाना त्यांना विकायचा होता, त्याआधी दुसरी भट्टी बंद करायची होती, आणि हे अजून कोणालाच सांगायचं नव्हतं. भंडाऱ्यात ही गोष्ट साहेबांना ठाऊक होती, हिशेबखात्याच्या प्रमुखांना होती आणि मनालीला होती, कारण साहेबांची सगळी पत्रं तिच्याच हाताखालून जात. पाहुण्यांसाठी तिनं नागपूरहून जेवण मागवलं होतं, ते तसंच डब्यांत राहिलं. म्हणून ती अंकुशला म्हणाली होती, "पाव्हणे आले पण जेवले नाही. शिंप्यासारखे मापं घेतले अन् चालले गेले. दुसरी भट्टी आता गारच समजा." अंकुश हसला होता. त्याला तिचं बोलणं आवडायचं. तू बोलतेस तर समोर दिसते, असं तो म्हणायचा.

आता ते वाक्य तिच्यासमोर दुसऱ्या भाषेत उभं होतं आणि तरी चेहऱ्यानं तिचंच होतं. शिंपी त्यानं दर्जी केला होता. आणखी काही बदललं नव्हतं. सोमवारी बाजार उघडताच शेअर घसरला होता आणि मुख्य ऑफिसातून फोनवर फोन येत होते, हे तिला साहेबांच्या केबिनमधून बाहेर पडताना कळलं. हिशेबखात्यातली खुशबू डबा खाताना म्हणाली, कोणीतरी आतलंच फुटलं म्हणे. मनालीनं वांग्याची भाजी तिच्या झाकणात वाढली. पूर्वी एकदा याच खुशबूनं तिला विचारलं होतं, तुमचे हे घरी बोलतात का गं? आमचे तर मोबाईलमधून डोकंच वर काढत नाहीत. तेव्हा मनालीला स्वतःच्या नशिबाची थोडी लाजच वाटली होती. अंकुश ऐकायचा. बसस्टँडजवळचं त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान बंद पडल्यापासून तर तो फारच मन लावून ऐकायला लागला होता. मधे बोलायचा नाही, मोबाईल उलटा करून ठेवायचा, कोण काय म्हणालं, साहेबांचा चेहरा कसा होता, गाडी किती वाजता गेली, असं हळूहळू विचारत जायचा. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं टाइप करून आलेल्या बाईला कोणीतरी तिची स्वतःची वाक्यं मागतंय, याचं तिला अप्रूप होतं. माहेरी वडील, गुलाबराव, रेल्वेतून घरी आले की त्यांच्यासमोर सगळं घर गप्प व्हायचं. आई स्वयंपाकघरात भिंतीशी बोलायची. मनालीनं लग्नात मनाशी दुसरं काही मागितलं नव्हतं, ऐकणारा माणूस मागितला होता, आणि तो मिळाला होता.

त्या संध्याकाळी कंपनीची बस वरठीच्या रेल्वे फाटकापाशी नेहमीसारखी थांबून राहिली. खिडकीबाहेर कापलेल्या धानाचे भारे शेताच्या बांधीत पडलेले होते आणि कोणीतरी पेंढा पेटवला होता. तिनं स्वतःला रागवायचा प्रयत्न करून पाहिला. पायाला मुंग्या आल्यावर माणूस पाय आपटून पाहतो तसं एक-दोनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं, त्यानं माझा घात केला. शब्द नीट उमटत होते, पण खाली काही हलत नव्हतं. घरी आली तर अंकुशनं वरणाला फोडणी दिलेली होती, कणीक मळून झाकून ठेवलेली होती. हात पुसत त्यानं विचारलं, "काय झालं आज?" ती म्हणाली, काही नाही. तो थोडा थांबला, तिला आणखी काही आठवेल म्हणून. मग म्हणाला, तुझा चेहरा उतरला, डोकं दुखून राहिलं का? तिनं हो म्हटलं. त्यानं बाम आणून दिला. तिनं तो कपाळाला लावला आणि न दुखणारं डोकं घेऊन पडून राहिली.

गुरुवारी मुंबईहून चौकशीचे साहेब आले. पांढरा शर्ट, मऊ आवाज, सगळ्यांना अहो-जाहो. त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं बोलावलं. मनालीला त्यांनी जे विचारलं त्याची तिनं उत्तरं दिली: कागद कुठं ठेवता, किल्ली कोणाकडे असते, घरी कॉम्प्युटर आहे का. घरी कोणाशी बोलता का, हे त्यांनी विचारलं नाही. उलट शेवटी त्यांनी तिलाच एक काम सांगितलं. या 'किनारा'नं आजवर जे काही लिहिलंय ते सगळं वेबसाइटवरून उतरवून एका फाइलीत लावून द्या, तारखेप्रमाणे. साहेब म्हणतात तुम्ही फार व्यवस्थित काम करता. मनाली म्हणाली, हो सर.

आणि मग ती ते वाचत बसली. बाहेर भट्टीचा आवाज येत होता, तो इथं काम करणाऱ्याला ऐकूच येत नाही, बंद झाला तरच येतो. सुरुवातीचे निरोप दोन वर्षांपूर्वीचे होते, तिच्या घरच्या दोन वर्षांचे. वीजबिलावरून साहेब कसे चिडले. कोळसा कमी आला. दिवाळीचा बोनस यंदा उशिरा. संप होता होता राहिला. एकेका ओळीमागं तिला दिसायचं, आपण तेव्हा तांदूळ निवडत होतो, तेव्हा पोळ्या लाटत होतो, तेव्हा न्हाऊन केस पुसत होतो. केस पुसता पुसता आपण नवऱ्याला काय बोललो ते राजकोट, इंदूर, सेलमच्या लोकांनी वाचलेलं होतं. ती माणसं त्याला 'किनारा सर' म्हणत. सर, आपका क्या विचार है. सर, आप हो तो भरोसा है. कोणी विचारायचं, सर, आप कंपनी में बडे पोस्ट पर हो ना? यावर त्यानं कधी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. पैशाचं मात्र त्यात काही नव्हतं. कोणी भाव विचारला तर तो लिहायचा, मैं खुद नहीं लेता, सिर्फ बताता हूँ. हे खरं असणार हे तिला ठाऊक होतं. घरात शेअरचा एक कागद नव्हता. दुकानाचं शटर शेवटचं ओढल्यावर ज्या माणसाला गावात कोणी शेठ म्हणेनासं झालं होतं, त्याला इथं लोक सर म्हणत होते, आणि ते नाव त्यानं तिच्या बोलण्यावर कमावलं होतं. तिला आश्चर्य वाटलं ते याचं, की तिला त्याची कीव येत नव्हती आणि रागही येत नव्हता. ती निरोप उतरवत होती, तारीख घालत होती, पुढे जात होती.

मग मागच्या वर्षीचा आषाढ आला. तारीख तिला पाठ होती. त्या आठवड्यात तिला पाचव्या महिन्यात दवाखान्यात न्यावं लागलं होतं आणि ती रिकामी परत आली होती. लाखांदूरकडे सासरी धानाच्या रोवण्याचे दिवस होते. सासू सुमनबाईंना रोवणा सोडून यायला जमलं नाही, त्या पंधरा दिवसांनी एसटीनं आल्या, चुलीवर पाणी तापवून तिला न्हाऊ घातलं आणि एक शब्द बोलल्या नाहीत. माहेरचंही कोणी फार थांबलं नाही. त्या दिवसांतलं तिला लोखंडी पलंगाचा गारवा आठवत होता, पंख्याची कुरकुर आठवत होती, आणि अंकुश बाहेर बाकावर बसलाय एवढं आठवत होतं. फाइलीत त्या आठवड्याखाली लिहिलेलं होतं, 'इस हफ्ते कोई खबर नहीं. घर में तबियत ठीक नहीं.' त्याखाली माणसंच माणसं. भाभीजी को जल्दी आराम मिले. सर, फॅमिली पहले, शेअर बाद में. कोणी हात जोडल्याची चित्रं टाकलेली, कोणी दुवा मागितलेली. मनाली वाचत गेली. ती पलंगावर पडून छताकडे बघत होती तेव्हा इतकी अनोळखी माणसं तिच्यासाठी काहीतरी मागत होती आणि तिला पत्ता नव्हता. तिला ते उबदार वाटलं, आणि आपल्याला उबदार वाटतंय हे लक्षात येऊन ती खुर्चीत थोडी मागं सरकली.

राजकोटच्या एका माणसानं लिहिलं होतं की त्यांचंही पाचव्या महिन्यात असंच झालं, बायको अजून त्यावर बोलत नाही. त्याला अंकुशनं लांबलचक उत्तर दिलं होतं. हिंदी होती, पण मोडकी, मधून मधून मराठीत घसरणारी, त्यानं नेहमी नीट लिहायचा प्रयत्न केलेला असायचा तसा इथं केलेला नव्हता. मुलगी होती, त्यानं लिहिलं होतं. नर्सनं हिरव्या कापडात गुंडाळून त्याच्या हातात दिली. कपाळावर बारीक बारीक केस होते. त्याला वाटलं, इतकी हलकी वस्तू आपण कधी हातात धरली नाही, मोबाईलपेक्षा हलकी. एका मित्राला घेऊन तो नदीवर गेला आणि वांग्याच्या वाड्यांच्या पलीकडं, जिथं पूर आला तरी माती वाहत नाही तिथं, तिला ठेवून आला. बायकोनं विचारलं तेव्हा मी पाहिलं नाही असं सांगितलं. तिनं एकदाच विचारलं, परत विचारलं नाही, म्हणून परत सांगता आलं नाही. राजकोटवाल्यानं त्यावर फक्त लिहिलं होतं, समझता हूँ सर.

मनालीनं ती पानं फाइलीत घातली नाहीत. बाकी सगळं घातलं. पंच मारला, दोरी ओवली, आणि फाइल चौकशीच्या साहेबांच्या टेबलावर ठेवून आली. आपल्या घरात घडलेली एवढी एक गोष्ट राजकोटला ठाऊक होती आणि आपल्याला नव्हती, हे ती जिना उतरताना स्वतःला सांगत होती. सांगताना जसं पत्रातला मजकूर वाचून दाखवावा तसा आवाज लागत होता. घशात, छातीत, पोटात तिनं चाचपून पाहिलं. काही नव्हतं. गेटजवळच्या नळावर तिनं तोंड धुतलं, पाणी थंड आहे हे तेवढं कळलं.

शुक्रवारी दुपारी जागेश्वरला कामावरून काढलं. जागेश्वर म्हणजे कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर, मोहाडीचा, विणकराच्या घरचा. बापाचे माग बंद पडल्यावर गाडीवर आलेला. शनिवारी पाहुण्यांना नागपूरच्या विमानतळावरून त्यानंच आणलं होतं आणि त्यानंच परत सोडलं होतं. गाडीत पाहुण्यांचं बोलणं ऐकलं आणि बाहेर कोणाला तरी विकलं, असं ठरलं. त्यानं नाही म्हटलं, पण फार वेळ म्हटलं नाही. सही करायला तो मनालीच्या टेबलाशी आला. पन्नाशीचा माणूस, टोपी हातात. तिनं कागद पुढे केला, सहीची जागा दाखवली. सही करून तो जरा घुटमळला आणि हळूच विचारलं, "मॅडम, वर्दी धुऊन वापस करा लागते का?" ती म्हणाली, धुवायची गरज नाही जागेश्वरभाऊ. तो बरं म्हणाला आणि गेला. त्याच्या पाठीवर घामाचा एक मोठा डाग होता, तो दारातून बाहेर जाईपर्यंत ती त्याकडे बघत राहिली.

घरी आली तेव्हा अंकुश ओट्याशी उभा राहून वांगी चिरत होता. आज त्यानं लगेच विचारलं नाही. बहुधा त्यालाही हवा कळली होती. मंगळवारपासून त्याचा मोबाईल उलटाच पडलेला असायचा आणि तो त्याला हात लावत नव्हता. मनालीनं पर्स खुंटीला अडकवली. बसमध्ये तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती. जागेश्वरचं सांगायचं होतं, शिंप्याचं सांगायचं होतं, दोन वर्षं सांगायची होती. ती दाराच्या चौकटीत उभी राहिली आणि त्यातलं एकही वाक्य तिच्या तोंडातून आलं नाही.

"मुलगी होती?" तिनं विचारलं.

अंकुशनं गॅस बंद केला. वांग्याच्या फोडी पाण्यात टाकलेल्या होत्या, त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "हो."

"केस होते?"

"होते. थोडेसे." मग म्हणाला, "तुले सांगणार होतो."

ती खाली बसली, नेहमी भाजी निवडायला बसायची त्या जागी. तोही तिच्यासमोर बसला. तिला वाटलं आता रडू येईल, दोघंही थांबून राहिले, पण रडू आलं नाही. बाहेर हायवेच्या बाजूनं ट्रकचे हॉर्न येत होते. मग तिनं त्याला जागेश्वरचं सांगितलं. तो ऐकत होता, आणि तो किती नीट ऐकतोय हे बघून तिला प्रथमच थोडं भ्यायला झालं. तो म्हणाला, मी एक पैसा घेतला नाही. ती म्हणाली, माहीत आहे. तो म्हणाला, तिथं ते लोक विचारायचे, आपण सांगायचो तर खूश व्हायचे, बस एवढंच होतं. ती म्हणाली, तेही माहीत आहे. उठून त्यानं भाजी टाकली. दोघं जेवले.

शनिवारी सकाळी ती चौकशीच्या साहेबांकडे गेली आणि सरळ सांगितलं, की बातमी माझ्या घरातून गेली, मी नवऱ्याशी बोलले, त्यानं लिहिलं, ड्रायव्हरचा संबंध नाही. साहेबांनी आधी दार लावून घेतलं. मग तिला पाणी दिलं. मग मऊ आवाजात समजावलं. गुप्त गोष्टी ठाऊक असलेल्या माणसांची एक यादी असते मॅडम, ती सरकारकडे जाते. तुमचं नाव त्यात आहे. ड्रायव्हरचं नाही. ड्रायव्हरनं ऐकलं तर ते कंपनीचं दुर्दैव, पण यादीतल्या माणसानं सांगितलं तर बाजाराच्या नियामकाला कळवावं लागतं, नोटिसा निघतात, आणि हा व्यवहार थांबतो. पंधरा दिवसांत सह्या व्हायच्यात. तुमच्यासकट सगळ्यांची नोकरी त्याच्यावर आहे. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "तुम्ही खूप थकलेल्या दिसता. तुम्ही मला काही सांगितलं नाही. मी काही ऐकलं नाही. चालेल ना?"

तिनं चालेल म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जागेवर आली. खरं बोलण्यासाठी माणसानं एकदा मन घट्ट केलं की पुढचं आपोआप होत असेल, असं तिला वाटलेलं होतं. कोणी ऐकायलाच तयार नसेल तर त्या खऱ्याचं काय करायचं असतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती दिवसभर आलेल्या टपालावर शिक्के मारत राहिली.

रविवारी बाजार बंद असतो. दुपारी जेवणं झाल्यावर समोरच्या विहारात लहान मुलांची वंदना चालली होती, तिचा आवाज खिडकीतून येत होता. मनालीनं अंकुशला मोबाईल मागितला. त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही, ती वेबसाइट उघडून दिली आणि शेजारी बसला. किनाऱ्याच्या नावानं तिनं लिहायला घेतलं. मराठीत लिहिलं. हिंदीत तिला ते आपलं वाटलं नसतं. लिहिलं की इथं आजवर आलेल्या बातम्या माझ्या आहेत, मी या कारखान्यात प्लांट हेडची सेक्रेटरी आहे, माझं नाव मनाली. मी घरी बोलले आणि ते इथं आलं. कंपनीच्या ज्या ड्रायव्हरला काढलंय त्याला यातलं काही माहीत नव्हतं. आडनाव, गाव, सगळं घातलं. अंकुश वाचत होता. ती पाठवणार तेवढ्यात त्यानं तिच्या मनगटाला हात लावला. तिला वाटलं हा आता अडवणार.

"माझं बी नाव लिही," तो म्हणाला. "तुझं एकटीचंच कायले?"

तिनं लिहिलं, लिहिणारा माझा नवरा, अंकुश. पाठवलं. दोघं पडद्याकडे बघत बसले. बराच वेळ काही झालं नाही. रविवारी तिथंही लोक झोपलेले असणार. मग एकानं विचारलं, ये क्या लिखा है, कोई ट्रान्सलेट करो. दुसऱ्या कोणीतरी हिंदीत सांगितलं. त्यावर तिसरा म्हणाला, मतलब बिकना कन्फर्म? चौथ्यानं विचारलं, तो कल लेना है या बेचना? मग त्यावरच वाद सुरू झाला आणि वाढत गेला. मनालीच्या नावावरून माणसं पुढं निघून गेली. मधेच राजकोटहून एक ओळ आली, भाभीजी नमस्ते, आणि ती खाली खाली ढकलली जाऊन दिसेनाशी झाली. सोमवारी शेअर वर गेला.

पुढचं सगळं सावकाश झालं. सोमवारी गेटवर तिचं कार्ड लागलं नाही. पहारेकऱ्यानं मान खाली घालून तिला खुर्ची दिली आणि आतून तिचा डबा, चपला आणि टेबलावरची छोटी मनीप्लांटची बाटली पिशवीत घालून आणून दिली. नियामकाच्या नोटिसा दोघांच्या नावानं आल्या, मुंबईला दोन चकरा झाल्या, पुढच्या तारखा लागल्या. व्यवहार काही महिने लांबला, पण झाला. दुसरी भट्टी बंद झाली ती झालीच. अंकुश लाखनीला हायवेवरच्या एका ओळखीच्या दुकानात चार्जर आणि काचा विकायला जाऊ लागला. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, आल्यावर पाय धुऊन ओट्याला टेकून उभा राहायचा. पण आता तो आज काय झालं म्हणून विचारत नसे. ती दिवसभर घरीच होती हे त्याला ठाऊक असे. कधी तो दुकानातलं काही सांगायला घेई, एखाद्या गिऱ्हाईकाचं, आणि अर्ध्यात थांबे. ती हं म्हणे. तिला ऐकायचं नव्हतं असं नाही. ऐकलेलं कुठं ठेवायचं ते तिला समजत नव्हतं.

माघात एका संध्याकाळी ती भांडी घासत असताना जागेश्वरचा फोन आला. नंबर तिनं काढून टाकला नव्हता. ती हात पुसून मागच्या अंगणात गेली. त्यानं आधी तिच्या तब्येतीचं विचारलं, मग म्हणाला, मॅडम, तुम्ही माझ्यापायी कायले एवढं केलं, मले तं तुमसरच्या एका शाळेची गाडी भेटली होती, तुम्ही लिहिलं ते मले कळाच्या आधीच. आता उलटे लोक विचारून राहिले, काय मामला होता म्हणून. ती म्हणाली, चूक झाली जागेश्वरभाऊ. तो म्हणाला, नाही, तसं नाही म्हणत मी. मागून वाऱ्याचा आवाज येत होता; तो कुठंतरी रस्त्याच्या कडेला उभा असावा.

"तुमाले एक सांगाचं होतं," तो म्हणाला. "घरी रुखमिणीले वाटे का मीच केलं. कुठं तरी पिऊन बसलो असन अन् बोललो असन. तोंडानं म्हणत नोहती, पण महिनाभर माह्याशी धड बोलली नाही. पोरीनं तिले तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. दोन डाव वाचायले लावलं तिनं. आता बोलते."

मनाली बरं म्हणाली. त्यानं ठेवतो म्हटलं आणि फोन बंद झाला. ती अंगणात उभी राहिली. हातांवरची राख वाळून पांढरी पडली होती, थंडीनं बोटं आखडली होती, ती तिनं एकेक करून उघडली. आत आली तेव्हा अंकुश दुकानातून येऊन ओट्याशी उभा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"कोणाचा फोन होता?"

"जागेश्वरभाऊचा."

"काय म्हणे?"

तो वाट बघत होता. मान थोडी पुढे, हात बांधलेले, पूर्वीसारखाच. आणि तिच्याकडे सांगण्यासारखं होतं. किती तरी महिन्यांत पहिल्यांदाच होतं, नीट, आख्खं, बोलली असती तर त्याला समोर दिसलं असतं असं. ते तिला जिभेवर जाणवलं.

"काही नाही," ती म्हणाली, "सहजच केला होता." आणि उरलेली भांडी घासायला बसली.